गोंद, स्प्रिंग आणि रबर : अक्षरजुळणीच्या आज्ञावलींतील परिभाषा आणि तिची सुसंगती

निर्देशपुस्तिका ही वाचण्याची संहिता नसून वापरण्याची वस्तू आहे, अशी एक समजूत साहित्याच्या अभ्यासक्षेत्रात नकळत रूढ झालेली दिसते. व्याकरणे, कोश, प्रवासवृत्ते, पत्रव्यवहार, कुळकटी, पंचांगे हे सारे तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत आले. परंतु ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने हे अभ्यास पानांवर उतरतात तिच्या पुस्तिकेकडे संहिता म्हणून फारसे पाहिले गेले नाही. वास्तविक, शब्दाने दिलेले वचन शेवटच्या पानापर्यंत पाळण्याची जबाबदारी या लेखनप्रकारावर जितकी आहे तितकी कादंबरीवर किंवा काव्यावर नाही. कवीने तिसऱ्या कडव्यात प्रतिमा बदलली तर ती रसिकाला मिळकत वाटते; पुस्तिकेने तिसऱ्या प्रकरणात नाव बदलले तर वाचकाचे काम अडते.

हा प्रश्न तपासण्यासाठी एक अत्यंत सोयीचे उदाहरण उपलब्ध आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची आज्ञावली १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केली. आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये पाहून ते निराश झाले होते, हे त्यामागचे कारण सर्वश्रुत आहे. आज्ञावलीचे पुनर्लेखन १९८२ मध्ये झाले आणि १९८४ मध्ये ‘द टेक्‌बुक’ प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच प्रकाशनसंस्थेने लेस्ली लॅम्पोर्ट यांचे ‘लाटेक् : अ डॉक्युमेंट प्रिपरेशन सिस्टिम’ काढले. लाटेक् ही टेक्‌च्याच पायावर रचलेली आज्ञासंहिता. म्हणजे यंत्र एक, भाषा एक, प्रकाशक एक, काळही जवळजवळ एक. आणि तरीही त्याच वस्तूंना दोन ग्रंथांनी दोन नावे दिली. तुलनेसाठी याहून नेमकी जोडी मिळणे कठीण.

(नावाविषयी एक खुलासा. मूळ नाव ग्रीक अक्षरांवरून घेतलेले असून त्याचा अंत्य वर्ण घशातून घासून उच्चारावा, असा क्नूथ यांचा आग्रह आहे. मराठीतला ‘ख्’ त्याच्या जवळ जातो, पण तोही नेमका तो वर्ण नव्हे. लॅम्पोर्ट यांनी आपल्या नावाच्या उच्चाराविषयी मात्र कोणताही आग्रह धरलेला नाही. दोन लेखकांच्या परिभाषाविषयक स्वभावांचा परिचय येथेच, मुखपृष्ठावर, होतो. प्रस्तुत लेखात भारतात रूढ असलेले ‘टेक्’ आणि ‘लाटेक्’ हे उच्चार स्वीकारले आहेत.)

टेक्‌च्या विश्वात पान म्हणजे पेट्यांची रचना. प्रत्येक वर्णाची एक पेटी, शब्दाची पेटी, ओळीची पेटी, पानाची पेटी. या पेट्यांच्या मधे जे असते त्याला क्नूथ ‘ग्लू’ म्हणजे गोंद म्हणतात. या गोंदाला तीन अंगे आहेत : स्वाभाविक रुंदी, ताणले जाण्याची क्षमता आणि आकसण्याची क्षमता. क्नूथ यांच्याच दहा पॉइंटांच्या कॉम्प्युटर मॉडर्न या टंकात दोन शब्दांमधले अंतर सुमारे ३.३३ पॉइंट असते, ते १.६७ पॉइंटांनी ताणण्याची आणि १.११ पॉइंटांनी आकसण्याची मुभा असते. ओळ दोन्ही बाजूंनी सरळ बसवायची तर हीच मुभा कामी येते.

आता गोंद ताणला जातो का? खऱ्या गोंदाची ख्याती त्यासाठी नाही. क्नूथ यांनाही हे ठाऊक होते. बाराव्या प्रकरणात ते मोकळेपणाने मान्य करतात की ‘स्प्रिंग’ हे नाव अधिक योग्य झाले असते, कारण स्प्रिंगा ताणल्या जातात आणि दाबल्या जातात. परंतु आरंभीच्या काळात ‘ग्लू’ हे नाव पडले आणि तेच चिकटून राहिले. या कबुलीतला श्लेष त्यांच्या ग्रंथाच्या एकंदर खेळकर वृत्तीशी जुळणाराच आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, नाव चुकले आहे हे कळल्यावर लेखकाने ते बदलले नाही. चूक वाचकाला सांगितली, आणि तेच नाव अखेरपर्यंत वापरले.

हा निर्णय केवळ सवयीचा म्हणता येणार नाही. स्प्रिंगेच्या प्रतिमेत एक उणीव आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. टेक्‌मध्ये पेटी एकदा बंद झाली की तिच्यातील अंतरे कायमची ठरतात. त्यानंतर ती ताणली जात नाहीत की आकसत नाहीत. या क्रियेला क्नूथ ‘गोंद बसवणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग योजतात. इथे गोंदाची प्रतिमा अचूक आहे : ओला असेपर्यंत हलतो, सुकला की हलत नाही. स्प्रिंगेला ताण कळतो, पण सुकणे कळत नाही. एका प्रतिमेला पूर्वार्ध साधतो, दुसरीला उत्तरार्ध. क्नूथ यांनी आपल्या निवडीचा जेवढा बचाव केला त्याहून ती निवड अधिक समर्थनीय होती, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र याच ठिकाणी दुसरी, अधिक गंभीर विसंगती आहे, आणि तिची कबुली ग्रंथात तितक्या ठळकपणे येत नाही. संकल्पनेचे नाव ‘ग्लू’ असले तरी ती वापरण्याच्या यंत्राच्या मूळ आज्ञांत हा शब्द नाही. आडवे अंतर घालण्याची आज्ञा ‘एचस्किप’, उभे अंतर घालण्याची ‘व्हीस्किप’, परिच्छेदांमधले अंतर ‘पारस्किप’, आणि असे अंतर साठवून ठेवण्याच्या नोंदस्थानाचे नावही ‘स्किप’च. म्हणजे विवेचनात वाचक गोंदाविषयी वाचतो, आणि हाताने ‘स्किप’ टंकतो. पुढे १९९० च्या दशकात टेक्‌चा जो ‘ई-टेक्’ हा विस्तार झाला त्यात ताण आणि आकसण्याची क्षमता मोजणाऱ्या आज्ञांत मात्र ‘ग्लू’ शब्द आला. परिणामी ‘स्किप’ नावाच्या स्थानात ठेवलेल्या वस्तूचा ‘ग्लू’ मोजावा लागतो. लॅम्पोर्ट यांनी दोन्ही शब्द बाजूला सारून तिसरीच प्रतिमा आणली. त्यांच्या पुस्तकात लांबी दोन प्रकारची : ताठ आणि रबरी. रबराची ही कल्पना नवशिक्याला क्षणात समजते, आणि ताणण्याची बाजू ती उत्तम सांगते. पण लाटेक्‌चा वापरकर्ता जेव्हा एखादा अवघड दोष शोधत ‘द टेक्‌बुक’पर्यंत पोचतो तेव्हा त्याला तिथे रबर सापडत नाही, त्याची जी वस्तू आहे तीच ही, हे सांगणारा पूल दोन ग्रंथांच्या मधे कोणी बांधलेला नाही. लाटेक्‌च्या मूळ गाभ्यात २०२० पासून समाविष्ट झालेल्या नव्या आज्ञाभाषेने पुन्हा ‘स्किप’ हे नाव उचलले आणि त्याचे स्पष्टीकरण रबरी लांबी असे दिले. चार दशकांत एका संकल्पनेची तीन नावे झाली. चौथे, ‘स्प्रिंग’, केवळ हुकलेली संधी म्हणून शिल्लक आहे.

यांत एक गंमत अशी की ताणण्याच्या अनंत क्षमतेच्याही तीन श्रेणी टेक्‌मध्ये आहेत आणि त्यांची नावे एकाच शब्दाच्या शेवटी एकेक ‘ल’ वाढवून केलेली आहेत. लॅम्पोर्ट यांनी त्यांतली मधली तेवढी उचलली. शब्दाच्या लांबीने अनंताची श्रेणी दाखवणारी ही योजना इतकी स्वयंस्पष्ट आहे की तिला भाषांतराची गरजच पडत नाही.

गोंदाच्या उदाहरणात वाचकाची केवळ गैरसोय होते. ‘मोड’ म्हणजे अवस्थांच्या उदाहरणात त्याची फसवणूक होते. टेक् कोणत्याही क्षणी सहांपैकी एका अवस्थेत असते. तेराव्या प्रकरणात क्नूथ त्यांची नावे देतात : उभी आणि अंतर्गत उभी, आडवी आणि मर्यादित आडवी, गणिती आणि प्रदर्शनी गणिती. या तिन्ही जोड्यांत एक अवस्था पानाच्या किंवा परिच्छेदाच्या मुख्य प्रवाहातली आणि दुसरी पेटीच्या वा ओळीच्या आतली असा समान संबंध आहे. संबंध एक असताना नावे मात्र तीन तऱ्हेची. उभ्या जोडीत आतल्या अवस्थेला ‘अंतर्गत’ म्हटले, आडव्या जोडीत तिलाच ‘मर्यादित’ म्हटले, आणि गणिती जोडीत तर उलटेच केले. तिथे विशेषण बाहेरच्या अवस्थेला लावले आणि आतली बिनविशेषणाची ठेवली. हा केवळ शैलीचा दोष आहे काय? नाही, कारण आज्ञावलीला स्वतःला हे साम्य चांगले ठाऊक आहे. ‘इफ-इनर’ ही एकच आज्ञा या तिन्ही आतल्या अवस्था ओळखते. म्हणजे यंत्राच्या लेखी तिघींना मिळून एक नाव आहे आणि पुस्तिकेच्या लेखी तीन. ज्या लेखकाने दोन्ही लिहिले त्याच्याच हातून यंत्राला जे माहीत आहे ते वाचकापासून निसटले.

लॅम्पोर्ट यांनी अवस्था सहाऐवजी तीनच सांगितल्या : परिच्छेद-अवस्था, गणिती अवस्था आणि डावीकडून-उजवीकडे अवस्था. ही सुटसुटीत मांडणी लेखकाच्या कामाच्या दृष्टीने योग्यच होती. लेखकाला उभी अवस्था कशाला हवी? पण लाटेक्‌च्या वापरकर्त्याला चुकीचा संदेश येतो तो लॅम्पोर्ट यांच्या शब्दांत नव्हे, टेक्‌च्या शब्दांत. अमुक आज्ञा अंतर्गत उभ्या अवस्थेत वापरता येत नाही, असे यंत्र त्याला बजावते, आणि त्याने शिकलेल्या तीन नावांत ती अवस्था नाही. प्रबंधाचे पान अडलेले, यंत्र तक्रार करते आहे, आणि तक्रारीतला शब्द आपल्या पुस्तिकेच्या सूचीत नाही, या क्षणी वाचक पुस्तिकेवरचा विश्वास गमावतो. परिभाषेच्या विसंगतीची खरी किंमत इथे मोजली जाते. लॅम्पोर्ट यांनी आपल्या पुस्तकात दोषसंदेशांना स्वतंत्र प्रकरण दिले हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण खरे, पण ज्या पडद्याआड त्यांनी क्नूथ यांचे शब्द ठेवले तो पडदा यंत्रानेच फाडावा, ही स्थिती त्यांच्याही हाती नव्हती.

डावीकडून-उजवीकडे या नावात आणखी एक मर्यादा लपलेली आहे. नवी ओळ न सुरू करता शब्द सलग मांडत जाणे हा त्या अवस्थेचा गुण. दिशा हा नव्हे. रोमन किंवा देवनागरी लिपीत दोन्ही एकच भासतात. उर्दू किंवा अरबी मजकुरात नाव आणि वस्तू परस्परविरुद्ध दिशांना जातात. क्नूथ आणि पिअर मॅके यांनी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुराची जुळणी टेक्‌मध्ये कशी करावी हे १९८७ मध्येच मांडले होते. लॅम्पोर्ट यांच्या १९९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र अवस्थेचे नाव तेच राहिले. एका लिपीच्या सवयीतून निघालेली संज्ञा सार्वत्रिक म्हणून कशी वावरू लागते, याचे हे छोटे पण बोलके उदाहरण तौलनिक अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसरे उदाहरण नाव बदलण्याचे. १९९४ पूर्वीच्या लाटेक्‌मध्ये लेख, अहवाल, पुस्तक यांच्या मांडणीला ‘स्टाइल’ म्हणत आणि पूरक सोयींनाही ‘स्टाइल ऑप्शन’ म्हणत. १९९४ च्या नव्या लाटेक्‌ने हा घोळ निस्तरला : मांडणीला ‘क्लास’, पूरक सोयीला ‘पॅकेज’. निर्णय अगदी उचित. परंतु पॅकेजच्या धारिकेच्या नावाला लागणारे शेपूट मात्र जुन्या ‘स्टाइल’चेच राहिले, आणि आजही तेच आहे. शिवाय संदर्भसूचीची मांडणी ठरवणाऱ्या धारिकांना ‘स्टाइल’च म्हणतात. त्यातच, लाटेक्‌च्या सामायिक संग्रहस्थळावर ‘पॅकेज’ म्हणजे एकत्र वितरित होणारा गट, ज्याच्या पोटात लाटेक्‌च्या अर्थाने अनेक पॅकेजे असू शकतात. नाव बदलताना फक्त विवेचनातला शब्द बदलून भागत नाही. शब्दाची मुळे धारिकांच्या नावांत, संदेशांत, जुन्या लेखांत आणि लोकांच्या बोलण्यात पसरलेली असतात. क्नूथ यांनी ‘ग्लू’ का बदलले नाही, याचे उत्तर दहा वर्षांनंतरच्या या प्रसंगाने दिले.

क्नूथ हे नावांविषयी बेफिकीर असणारे लेखक नव्हेत, हे सांगणे येथे आवश्यक आहे. संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याच्या एका पद्धतीला ‘बॅकस नॉर्मल फॉर्म’ म्हणत असत. १९६४ मध्ये क्नूथ यांनी एका पत्राद्वारे दाखवले की गणिताच्या रूढ अर्थाने हे ‘नॉर्मल’ रूप नाहीच. आद्याक्षरे तीच ठेवून मधल्या अक्षराने पीटर नाउर यांचे नाव सूचित करावे. पुढे १९७४ मध्ये संगणनशास्त्रातील काही अवघड प्रश्नांच्या वर्गाला काय नाव द्यावे यासाठी त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंची मतेच मागवली आणि ती प्रसिद्ध केली. भारतीय वाचकाला रस वाटेल अशी घटना १९६७ ची आहे : पी. झेड. इंगरमन यांनी वरील पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे अशी सूचना केली, कारण तत्सम पद्धती अष्टाध्यायीत आधीच आढळते.

पाणिनीचा उल्लेख केवळ अभिमानापोटी करण्याचे कारण नाही. परिभाषेच्या सुसंगतीवर जगात जो पहिला सूक्ष्म विचार झाला त्यांत पाणिनीय परंपरेचे स्थान मोठे आहे, आणि टेक्‌च्या पुस्तिकांकडे पाहण्यासाठी ती परंपरा एक नेमके साधन पुरवते. तिथे संज्ञा दोन प्रकारच्या. ‘घु’, ‘टि’, ‘भ’ यांसारख्या संज्ञांना लौकिक अर्थ नाही. त्या लहान आहेत हेच त्यांचे समर्थन. ‘सर्वनाम’सारखी संज्ञा लांब आहे, आणि ज्या शास्त्रात लाघव हे मूल्य आहे तिथे ती लांब का, याचे उत्तर पतंजलीची परंपरा असे देते की ती अन्वर्थक आहे, नावातूनच तिची मर्यादा कळावी म्हणून. संज्ञेने अर्थ सांगायचा तर तिने तो शेवटपर्यंत खरा सांगावा. अन्यथा अर्थहीन राहून आपली जागा ठामपणे दाखवावी. ‘ग्लू’ या दोहोंच्या मधे अडकलेली संज्ञा आहे, तर ‘बॅडनेस’ ही अन्वर्थक संज्ञेचा उत्तम नमुना.

ओळीतली अंतरे किती ताणावी किंवा आकसावी लागली यावरून टेक् त्या ओळीचा ‘बॅडनेस’ काढते. शून्य म्हणजे निर्दोष, दहा हजार म्हणजे अक्षम्य. हा शब्द नैतिक आहे, आणि बहुधा हेतुपुरस्सर; ‘विचलन’ किंवा ‘त्रुटी-गुणांक’ असा निर्विकार शब्द सहज वापरता आला असता. जुळाऱ्याच्या नजरेत ओळ वाईट दिसते, तिचे विचलन दिसत नाही. १९८१ मध्ये क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी परिच्छेद ओळींत मोडण्याची जी पद्धत मांडली तिच्यात हा वाईटपणा, तोडीच्या जागेचा दंड आणि त्यांतून येणारी वजावट असे तीन शब्द येतात, आणि ते तिन्ही एकाच न्यायालयीन-शालेय प्रतिमाविश्वातले आहेत. ग्रंथातही ते न ढळता वापरले गेले. या एका ठिकाणी प्रतिमा, संज्ञा, आज्ञेचे नाव आणि संदेशातला शब्द हे चारही एकत्र येतात. ओळ सैल पडली की यंत्र ‘बॅडनेस’चा आकडाच सांगते. मात्र ओळ बाहेर आली तर ते किती पॉइंट बाहेर आली एवढेच सांगते. कारण तिथे दुरुस्तीसाठी आकड्यापेक्षा अंतर उपयोगी. ही तफावत विसंगती नव्हे, विवेक आहे.

याच्या उलट, टेक्‌चे डोळे, तोंड, घसा आणि पोट अशी जी शरीररचनेची प्रतिमा क्नूथ वापरतात ती कोणत्याही आज्ञेत वा संदेशात उतरलेली नाही. ती समजावण्यासाठी आहे, आणि तिथेच थांबते. व्हिक्टर आयखाउट यांनी १९९२ च्या ‘टेक् बाय टॉपिक’मध्ये या अवयवांना आदान-प्रक्रियक, विस्तार-प्रक्रियक, अंमल-प्रक्रियक आणि दृश्य-प्रक्रियक अशा अर्थाची नावे देऊन सुरुवातीलाच दोन्ही नावांची सांगड घालून दाखवली. नाव बदलायचेच तर ते कसे बदलावे याचा हा वस्तुपाठ आहे. लॅम्पोर्ट यांच्या ग्रंथात नेमकी हीच सांगड उणी आहे.

‘द टेक्‌बुक’च्या प्रस्तावनेत क्नूथ आणखी एक धाडसी गोष्ट जाहीर करतात : हा ग्रंथ नेहमी खरे सांगत नाही. आधीच्या प्रकरणांतील काही विधाने सोयीसाठी ढोबळ आहेत आणि ती पुढे दुरुस्त होतील. म्हणजे ‘परिच्छेद’ किंवा ‘अंतर’ या शब्दांचा आशय पानागणिक नेमका होत जातो, शब्द मात्र तोच राहतो. सुसंगतीची ही कल्पना कोशाच्या कल्पनेहून भिन्न आहे. कोशात शब्दासमोर अर्थ एकदाच लिहिला जातो. इथे शब्द हे वाचकाबरोबर चालणारे माणूस आहे. अशा ग्रंथात वाचक हरवू नये याची काळजी सूचीने घेतली आहे : संज्ञेची मुख्य व्याख्या ज्या पानावर असेल त्याचा क्रमांक अधोरेखित, जिथे बोधप्रद उदाहरण असेल तो तिरप्या टंकात, आणि यंत्राच्या मूळ आज्ञांना तारांकन. आपली परिभाषा कुठे पक्की होते हे पानाच्या क्रमांकासह सांगणाऱ्या मराठी ग्रंथांची संख्या फार नाही, हे येथे खेदाने नमूद करावे लागते.

मराठीचा प्रश्न इथून सुरू होतो. देवनागरीची जुळणी टेक्‌मध्ये करण्याची सोय नेदरलँड्समधील फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये केली. त्यांच्या पद्धतीत लेखक रोमन लिप्यंतर टंकतो आणि एक पूर्वप्रक्रिया त्याचे देवनागरीत रूपांतर करते. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक्’ने युनिकोड देवनागरी थेट टंकण्याची वाट खुली केली. त्यामुळे मराठी संशोधकाला आपला प्रबंध मराठीत टंकून, मराठीत जुळवून घेता येऊ लागला. पुस्तिका मात्र इंग्रजीच. भारतीय टेक् वापरकर्त्यांची संघटना १९९८ पासून तिरुवनंतपुरम येथे कार्यरत झाली, तिने २००३ मध्ये लाटेक्‌ची एक चांगली पाठमाला काढली, तीही इंग्रजीत. हान्स हागेन यांच्या ‘कॉन्टेक्स्ट’ या टेक्-आधारित प्रणालीने तर आज्ञांची नावेच डच, जर्मन, चेक, इटालियन, रोमानियन अशा भाषांत उपलब्ध करून दिली. भारतीय भाषांच्या वाट्याला तो प्रयोग आला नाही.

असे साहित्य मराठीत आणायचे ठरले तर पहिली प्रवृत्ती पारिभाषिक कोश उघडण्याची होते. भाषा संचालनालयाच्या किंवा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कोशाचा घटक शब्द आहे आणि पुस्तिकेचा घटक शब्दांमधले नाते. एकेक शब्द निर्दोष असूनही सारी पुस्तिका कशी कोसळू शकते, हे ‘पेनल्टी’वरून दिसते. तिला ‘दंड’ हा प्रतिशब्द शासनव्यवहारात रुळलेला आहे, अर्थही चपखल. दहा हजारांचा दंड म्हणजे इथे ओळ मुळीच तोडू नये. उणे दहा हजारांचा म्हणजे इथे तोडलीच पाहिजे. परंतु संस्कृत श्लोक किंवा जुने मराठी पद्य जुळवताना ओळीच्या शेवटी येणारा उभा दंड पुढच्या ओळीवर जाऊ नये, अशी सूचना लिहायची झाली की वाक्य असे होते : दंडापूर्वी दंड लावावा. पारिभाषिक आणि लौकिक अर्थ समोरासमोर आले तर पारिभाषिक घ्यावा, हा वैयाकरणांचा नियम इथे कामाला येत नाही, कारण दोन्ही दंड पारिभाषिकच आहेत. इथे ‘दंड’ विरामचिन्हासाठी राखून ‘पेनल्टी’ हा शब्द तसाच ठेवणे श्रेयस्कर. मैदानावरची पेनल्टी मराठी वाचकाला परकी नाही.

‘बॉक्स’ला ‘चौकट’ म्हणण्याचा मोह होतो. वृत्तपत्रांत तोच शब्द आहे. पण मराठीत चौकट म्हटली की रेषा आली, आणि टेक्‌च्या पेटीला रेषा नसते. ‘पेटी’ बरी. परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर सुटी पडते तिला क्नूथ अनुक्रमे ‘क्लब’ आणि ‘विडो’ म्हणतात. इतर अनेक आज्ञावली पहिलीला ‘ऑर्फन’ म्हणतात, आणि जर्मन मुद्रकांची नावे तर चांभाराचा पोरगा आणि वेश्येचे मूल अशी आहेत. मराठीत विधवा व अनाथ ही नावे शब्दशः आणण्याचे काहीच प्रयोजन नाही. ज्या भाषेत वैधव्याभोवती दीडशे वर्षांचा सुधारणेचा वाद उभा आहे तिथे तो शब्द ओळीच्या दोषासाठी तटस्थपणे वाचला जाणार नाही. ‘एकटी पहिली ओळ’ आणि ‘एकटी शेवटची ओळ’ एवढे पुरेसे आहे. शिवाय क्नूथ आणि इतर यांच्यातला नावांचा घोळही त्यामुळे टळतो. ‘ग्लू’चे काय? ‘लवचीक अंतर’ म्हटले तर लॅम्पोर्ट यांचे रबर येते आणि क्नूथ यांचे सुकणे हरवते. ‘गोंद’ म्हटले तर मराठीत तो सुकतोही. पेटी बंद झाली की गोंद सुकला, हे वाक्य मूळ इंग्रजीहून अधिक स्वच्छ आहे. पण त्याची आज्ञा ‘स्किप’ आहे, हे आयखाउट यांच्याप्रमाणे पहिल्याच पानावर सांगावे लागेल.

सर्वांत अवघड शब्द मात्र सर्वांत ओळखीचा आहे. टेक् टंकलेल्या प्रत्येक चिन्हाला सोळांपैकी एक वर्ग देते. त्यांत ‘कॅरेक्टर’ म्हणजे कोणतेही चिन्ह आणि ‘लेटर’ म्हणजे अकराव्या वर्गातले चिन्ह. अंक हे ‘कॅरेक्टर’ आहेत, ‘लेटर’ नाहीत. मराठीत दोहोंना सर्रास ‘अक्षर’ म्हटले जाते. त्यातच मराठीचा खरा ‘अक्षर’ या दोहोंहून निराळा. ‘क्षि’ हे एक अक्षर. युनिकोडच्या लेखी ती चार चिन्हे : क, हलन्त, ष आणि वेलांटी. पानावर उमटताना जे आकार टंकातून उचलले जातात त्यांची संख्या आणखी वेगळी असू शकते. म्हणजे एका ‘अक्षर’ शब्दाच्या पोटात चार वस्तू. फेल्टहाउस यांच्या काळात हा प्रश्न दबलेला होता, कारण टंकायचे ते रोमन होते. ‘झीटेक्’नंतर तो उघडा पडला. यांपैकी ‘कॅरेक्टर’ला चिन्ह, ‘लेटर’ला वर्ण आणि लिपीच्या एककाला अक्षर म्हणता येईल. उरतो तो टंकातला आकार. त्याच्यासाठी नवा शब्द घडवण्यापूर्वी मराठी छापखान्यात शतकाहून अधिक काळ वापरात असलेला ‘खिळा’ आठवावा. जुळाऱ्याला पक्के ठाऊक होते की काही अक्षरे एका खिळ्यात येतात आणि काहींना दोन-तीन खिळे लावावे लागतात. यंत्राला नेमके हेच सांगायचे असते. शिसे गेले तरी शब्दाने आपली जागा सोडलेली नाही. मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर आजही ‘अक्षरजुळणी’ छापले जाते, आणि त्या समासातल्या ‘अक्षर’ शब्दाचा अर्थ पहिल्यापासून खिळा हाच होता.